सांगायचं कुणी? : प्रस्तावना

'श्वास' या सिनेमात एक अडचण आहे, आणि सगळा सिनेमा त्या एका अडचणीभोवती फिरतो. कोकणातला परश्या नावाचा लहान मुलगा. त्याला डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग झाला आहे. जीव वाचवायचा तर डोळे जाणार. आजोबा त्याला घेऊन शहरातल्या मोठ्या दवाखान्यात आले आहेत. डॉक्टर कामात बुडालेले, थोडे तुटक, पण माणूस सरळ. ते म्हणतात, शस्त्रक्रियेआधी मुलाला सांगितलं पाहिजे, की यानंतर तुला दिसणार नाही. आजोबांचा जीव गलबलतो. एवढ्याशा पोराला हे सांगायचं कसं? आणि सांगायचं कुणी? डॉक्टरांनी, आजोबांनी, की दवाखान्यातल्या समाजसेविका बाईंनी? एकमेकांच्या तोंडाकडं बघण्यात वेळ जातो. तोवर पोराला कळायचं ते कळू लागलेलं असतं, कारण मोठी माणसं आपल्यापासून काहीतरी लपवताहेत हे घरात सगळ्यात आधी मुलांनाच कळतं.

संदीप सावंत यांचा हा सिनेमा २००४ साली आला तेव्हा मी तो तीनदा पाहिला. पहिल्यांदा नुसती रडले. दुसऱ्यांदा अरुण नलावडे यांचा चेहरा बघत बसले. तिसऱ्यांदा मात्र हा प्रश्न सिनेमातून उठून माझ्याबरोबर घरी आला. आपल्याकडं आजार, जात, कर्ज, शरीर, मोडत आलेलं लग्न, या सगळ्या गोष्टी घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असतात आणि कुणी कुणाला सांगत नाही. सांगायची वेळ आली की एकजण उठून चहा टाकतो. सिनेमानं आणि पुढं टीव्हीनं या न सांगितलेल्या गोष्टी सांगायचं काम गेली ऐंशी-नव्वद वर्षं अंगावर घेतलेलं आहे. कधी नीट, कधी आरडाओरडा करून, कधी अर्धवट सांगून मागच्या दारानं पळ काढत. या पुस्तकात एकत्र आलेले लेख मी गेल्या बारा-तेरा वर्षांत सुटे सुटे लिहिले. ते पुन्हा वाचताना दिसलं, की मी प्रत्येक वेळी एवढंच तपासत होते: या सिनेमानं, या मालिकेनं, जे सांगायचं ते कुणाला सांगितलं, कुणाच्या तोंडून सांगितलं, आणि सांगून झाल्यावर तिथं थांबण्याची हिंमत दाखवली का.

आपल्याकडं 'सामाजिक चित्रपट' हा शब्द जुना आहे. पौराणिक, ऐतिहासिक आणि सामाजिक अशी वाटणी बोलपटाच्या सुरुवातीपासूनची. त्यामुळं जे पुराणात किंवा बखरीत नाही ते सगळं सामाजिक, असा त्याचा साधा अर्थ होता. पुढं त्याला एक जड अर्थ चिकटला: ज्यात काहीतरी प्रश्न मांडलाय, जो बघणं आपलं कर्तव्य आहे, असा सिनेमा. हा अर्थ मला मान्य नाही. प्रश्न मांडला म्हणून सिनेमा मोठा होत नाही, आणि हसवणारा आहे म्हणून तो समाजाबाहेर जात नाही. तरी शब्द रुळलेला आहे म्हणून मीही तो वापरते.

सुरुवात 'कुंकू'पासून करणं भाग आहे. १९३७ साल, प्रभात फिल्म कंपनी, दिग्दर्शक व्ही. शांताराम, ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून घेतलेली कथा. मामानं फसवून नीराचं लग्न काकासाहेब या म्हाताऱ्या वकिलाशी लावून दिलं आहे. विषय नवा नव्हता. गोविंद बल्लाळ देवलांचं 'शारदा' नाटक १८९९चं, आणि जरठ-कुमारी विवाहावर त्याच्या आधीही पुष्कळ लिहून-बोलून झालेलं. पण शारदेची सुटका दुसरे लोक करतात. सगोत्राचं निमित्त निघतं, लग्न मोडतं, मुलगी वाचते. नीराचं लग्न लागून गेलेलं आहे. तिला वाचवायला कुणी येणार नाही. ती सासरी राहते, आणि या माणसाबरोबर बायको म्हणून राहणार नाही हे स्वतःच्या तोंडानं सांगते. नुसतं एकदा सांगून थांबत नाही, रोज सांगते. शांता आपटे यांनी ही नीरा अशी उभी केली आहे, की ती चिडते तेव्हाही रडवेली होत नाही. अंगावर येणाऱ्या सावत्र मुलाला ती छडीनं फोडून काढते. आणि समोरचे काकासाहेब, केशवराव दाते, हे राक्षस नाहीत. त्यांना स्वतःचं म्हातारपण हळूहळू दिसू लागतं, आणि ते दिसण्याची लाज त्यांच्या चेहऱ्यावर उतरत जाते. काकासाहेबांच्या विधवा मुलीचं, सुशीलाचं काम शकुंतला परांजपे यांनी केलं होतं. पडद्याबाहेर त्या संततिनियमनाचं काम करत होत्या. आपण पडद्यावर जे बोलतो तेच दिवसा करतो, अशी माणसं तेव्हा सिनेमात होती.

'कुंकू'चा शेवट मला आजही टोचतो. काकासाहेब जीव देतात आणि नीराला मोकळी करतात, पुन्हा लग्न कर असं लिहून ठेवतात. सिनेमा इथं हात टेकतो, कारण दुसरी वाट कायद्यातच नव्हती. हिंदू बाईला घटस्फोट देणारा कायदा मुंबई प्रांतात १९४७ साली आला. म्हणजे शांतारामांनी प्रश्न विचारला तेव्हा त्याचं उत्तर देणारं कलम लिहिलंच गेलं नव्हतं. म्हणून एका म्हाताऱ्याला मरावं लागलं. पुढच्या कित्येक मराठी सिनेमांनी ही खोड उचलली. पेच सुटेना की कुणालातरी मारायचं. 'कुंकू'पाशी निदान कारण होतं.

प्रभातचेच 'माणूस' (१९३९) आणि 'शेजारी' (१९४१) हे सिनेमेही या वाटेवरचे. 'शेजारी'मध्ये गजानन जागीरदारांनी मिर्झा केला, आणि त्याच्या हिंदी आवृत्तीत हिंदू शेजाऱ्याचं काम मझहर खान यांनी केलं. ही अदलाबदल त्या काळी सहज करता आली, हे आज वाचताना थांबायला होतं. त्यानंतरच्या काळात अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला (१९५३) राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. तमाशापट आले, गावरान विनोद आला. त्यांच्याबद्दल या पुस्तकात फार थोडं आहे. ती उणीव आहे, आणि ती माझ्या अभ्यासाची मर्यादा आहे.

सत्तरच्या दशकात डॉ. जब्बार पटेल आणि विजय तेंडुलकर एकत्र आले, आणि सांगण्याची तऱ्हा बदलली. 'सामना'मधला मास्तर हा दारूत बुडालेला माणूस. साखर कारखान्याच्या गावात येऊन पडतो आणि मारुती कांबळेचं काय झालं, एवढंच विचारत राहतो. निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील त्याला खाऊपिऊ घालतो, सांभाळतो, त्याच्यावर जीवही लावतो. प्रश्न तेवढा नको. सहकाराच्या महाराष्ट्रात मोठी झालेली माझी पिढी हे ओळखते: मदत हवी तेवढी मिळेल, पण अमक्याचं काय झालं ते विचारू नका. हा सिनेमा मला सगळ्या राजकीय भाषणांपेक्षा जवळचा वाटतो, कारण त्यात सत्ता जेवायला वाढते.

याच जोडीच्या 'उंबरठा'ची गोष्ट निराळी. शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरचा हा सिनेमा १९८२चा. स्मिता पाटील यांची सुलभा महाजन चांगल्या, सुखवस्तू घरातून निघून संगमवाडीच्या महिलाश्रमात अधीक्षक म्हणून जाते. घरात छळ नाही. नवरा वकील आहे, समजूतदार बोलतो. आणि तीच गोष्ट तेव्हाच्या प्रेक्षकांना पचली नाही. माझ्या आईच्या मैत्रिणी म्हणायच्या, हिला काय कमी होतं? मारहाण असती तर त्यांनी सुलभाला तिथल्या तिथं माफ केलं असतं. बाईनं घर सोडायला दुःख लागतं, नुसती इच्छा पुरत नाही, हा आपला अलिखित कायदा आहे, आणि 'उंबरठा'नं त्याच्यावर बोट ठेवलं. हाच सिनेमा दुसऱ्या एका ठिकाणी मात्र कमी पडला. आश्रमातल्या दोन बायकांचं एकमेकींवरचं प्रेम त्यात येतं, पण बिघाड म्हणून येतं. ज्यांनी एक उंबरठा ओलांडून दाखवला त्यांनाही दुसरा दिसला नाही. हे मी दोष म्हणून लिहिते आहे, आणि तरीही हा सिनेमा माझ्या मुलीला मी आग्रहानं दाखवला.

मग १९९१ साली 'माहेरची साडी' आला. आमच्या तालुक्याच्या गावातून बायका टेम्पो करून बघायला गेल्या होत्या. जन्मताच पांढऱ्या पायाची ठरलेली लक्ष्मी, बापाचा दुस्वास, सासरचा छळ. समीक्षकांनी या सिनेमाला झोडपलं, आणि मीही एकेकाळी त्यांच्यात होते. आता तसं लिहवत नाही. त्या टेम्पोतून परत येणाऱ्या बायका एकमेकींना काय सांगत होत्या ते मी ऐकलं आहे. कुणाची नणंद, कुणाची वहिनी, कुणाला बाळंतपणात न मिळालेलं दूध. सिनेमात लक्ष्मी रडत होती म्हणून यांना तोंड उघडायची सवलत मिळाली होती. माझी तक्रार वेगळी आहे. रडून झाल्यावर या सिनेमानं त्यांना परत त्याच दारात आणून सोडलं, आणि सहन करणं हाच मोठेपणा असं सांगून सोडलं. रडू आलं की आतलं ओझं हलकं होतं, आणि हलकं झालेलं ओझं माणूस आणखी दहा वर्षं वाहू शकतो. पुढं टीव्हीनं हे नेमकं ओळखलं.

सुमित्रा भावे यांच्याबद्दल या पुस्तकात तीन लेख आहेत, इतर कुणाहीपेक्षा जास्त. त्या समाजकार्याच्या क्षेत्रातून आल्या. गरीब बायकांच्या जगण्यावर संशोधन करताना त्यांना वाटलं, की हे अहवाल ज्यांच्याबद्दल आहेत त्या बायका ते कधीच वाचणार नाहीत. त्यातून १९८५ साली 'बाई' हा लघुपट झाला. म्हणजे त्यांचा सिनेमा जन्मालाच आला तो कुणाला सांगायचं या प्रश्नातून. पुढं सुनील सुकथनकरांबरोबर 'दोघी', 'दहावी फ', 'वास्तुपुरुष', 'नितळ', 'अस्तु', 'कासव'. २००४चा 'देवराई' हा स्किझोफ्रेनियावरचा. त्याची निर्मिती कॅनडातल्या कॅलगरीचे डॉ. जगन्नाथ वाणी यांनी केली. अतुल कुलकर्णी यांचा शेष कोकणातल्या आपल्या घराण्याच्या देवराईत गुंतलेला आहे. बहीण सीना त्याला शहरात आपल्या संसारात आणते. नवरा आहे, मूल आहे, शेजारीपाजारी आहेत, आणि घरात एक माणूस आहे ज्याला दुसऱ्यांना न ऐकू येणारं ऐकू येतं. सीना दमते. तिचं दमणं सिनेमा झाकत नाही आणि त्याबद्दल तिला दोषही देत नाही.

हा सिनेमा मी आईबरोबर घरी बसून पाहिला. माझ्या मावशीला स्किझोफ्रेनिया होता. आजोळी मागच्या खोलीत ती असायची. आम्हा मुलांना सांगितलेलं होतं, की तिचा स्वभावच तसा आहे, तिच्या वाटेला जाऊ नका. गावातले लोक बाहेरचं काहीतरी आहे म्हणायचे. अंगारे झाले, एका देवस्थानाला अमावास्येच्या वाऱ्या झाल्या. 'देवराई' अर्धा होईपर्यंत आई गप्प होती. मग सीना भावासमोर हताश होऊन बसते तशा एका ठिकाणी ती म्हणाली, "हेच होतं गं तिला." सिनेमा संपल्यावर तिनं रात्री साडेदहाला मामाला फोन लावला. मावशी जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. मामानं दुसऱ्या दिवशी जुनी पत्र्याची पेटी उघडली. सातबाऱ्याच्या उताऱ्यांखाली एका डॉक्टरांची चिठ्ठी निघाली, घडीवर पिवळी पडलेली. तिच्यावर आजाराचं नाव इंग्रजीत स्वच्छ लिहिलेलं होतं. चिठ्ठी १९७९ सालची. म्हणजे नाव घरात होतं. कागदावर होतं, पेटीत होतं, कुलपात होतं. घरात ते कुणी मोठ्यानं वाचलं नव्हतं, आणि ज्या डॉक्टरांनी लिहिलं त्यांनीही आजोबांना बसवून समजावून सांगितलं नसावं. औषध चार महिने चाललं आणि थांबलं, एवढं मामाला आठवत होतं.

म्हणून नाव घेणं मला फार महत्त्वाचं वाटतं. पण नाव घेतलं म्हणजे झालं असं म्हणायला गेले की 'अस्तु' मला अडवतो. डॉ. मोहन आगाशे यांचे शास्त्रीबुवा संस्कृतचे पंडित आहेत, आणि त्यांची स्मृती विरत चालली आहे. मुलगी थोडा वेळ गाडीतून उतरते, तेवढ्यात हे खाली उतरून रस्त्यावरून चाललेल्या हत्तीच्या मागं निघून जातात. मुलीला आजाराचं नाव माहीत आहे, डॉक्टर माहीत आहेत, सगळं माहीत आहे, आणि ती कोसळायच्या बेतात आहे. तिकडं माहुताच्या बायकोला, अमृता सुभाष यांच्या त्या बाईला, यातलं काहीएक माहीत नाही. भाषाही धड जुळत नाही. तिच्यापाशी एक म्हातारा आला आहे जो लेकरासारखा वागतो, म्हणून ती त्याला लेकरासारखं सांभाळते, भरवते. नाव न कळताही ती जे करते ते बरोबर आहे. मी या प्रसंगावर लिहिलेला लेख या पुस्तकात सगळ्यात लांब आहे आणि सगळ्यात अनिश्चित आहे. तो तसाच राहू दिला.

विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर अनेक सिनेमे झाले. त्यांतल्या एकाशीच मी थांबते. सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस', २००९चा. शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिला आहे, आणि अलकाला भीती वाटते की आपल्या नवऱ्याच्याही मनात तेच असेल. ती त्याला विचारू शकत नाही. कोणती बाई नवऱ्याला असं विचारेल? म्हणून ती त्याच्यावर नजर ठेवते. लहानग्या पोराला बापाच्या मागोमाग शेतावर पाठवते. घरात पैसा नसताना पुरणपोळी करते. तो खातो, आणि ती त्याच्या चेहऱ्याकडं बघते. सोनाली कुलकर्णी आणि गिरीश कुलकर्णी यांचा हा प्रसंग जितका साधा आहे तितकाच जड आहे. कर्जाचे आकडे, बियाण्याचे भाव, पावसाचं लहरीपण हे सगळं सिनेमात आहेच, पण तोंडातून न निघालेला प्रश्न ताटात वाढलेला मी दुसरीकडं कुठं पाहिला नाही.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त जात कुणी सांगत नाही, कारण ती सगळ्यांना आधीच माहीत आहे. फँड्री म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. सिनेमातला शाळकरी मुलगा जब्या तो शब्द शाळेत कुणाच्या कानावर जाऊ नये म्हणून जपत असतो, आणि दिग्दर्शक नेमका तोच शब्द उचलून सिनेमाच्या नावावर लावतो. ज्यांना अर्थ माहीत नव्हता त्यांनी कौतुकानं विचारला, आणि विचारता विचारता तो शब्द त्यांच्या जिभेवर आला. डुक्कर पकडायच्या प्रसंगात सगळं घर पळतं आहे, गाव भिंतीवर बसून हसतं आहे, आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्याचं घर जागच्या जागी थिजून उभं राहतं. डुक्कर आपल्या वाटेनं निघून जातं. पुढं ते मेलेलं डुक्कर बांबूला टांगून नेताना मागं शाळेची भिंत आहे, आणि त्या भिंतीवर फुले, शाहू, आंबेडकर, गाडगेबाबा यांची चित्रं आहेत. कुणीही एक शब्द बोलत नाही. चित्रं आपण भिंतीवर लावली आहेत, आणि भिंतीसमोरून काय चाललं आहे ते कॅमेरा नुसतं दाखवतो. शेवटी जब्या दगड भिरकावतो तो सरळ आपल्याकडं येतो. त्यानंतर अंधार. इथं सिनेमा थांबला, आणि हे थांबणं मला फार मोलाचं वाटतं.

'सैराट' (२०१६) त्याच माणसानं केला, आणि तो मराठीतला तोवरचा सगळ्यात मोठा धंदा करणारा सिनेमा ठरला. पूर्वार्धात लोक खुर्च्यांवर उभे राहून नाचले हे खरं, आणि शेवटी रक्तात भरलेली बाळाची पावलं उमटत गेली तेव्हा पार्श्वसंगीत नव्हतं आणि सभागृहातही आवाज नव्हता, हेही खरं. मी तो सोलापूरला पाहिला. दिवे लागल्यावर माझ्या पुढच्या रांगेतला एक तरुण उठेना. त्याचा मित्र त्याला हाताला धरून उठवत होता. पुढं त्या सिनेमाचं गाणं प्रत्येक वरातीत वाजू लागलं, पत्रिकेत जात जुळवून ठरवलेल्या लग्नांच्या वरातीतही. त्याचं मला दुःख झालं. ते दुःख सिनेमाच्या माथी मारणं बरोबर नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला समजावत होते. अजूनही पुरतं समजावता आलेलं नाही.

'कोर्ट'बद्दल (२०१४) थोडंच सांगते, लेखात सविस्तर आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या या सिनेमात लोकशाहीर नारायण कांबळेवर आरोप आहे, की त्याच्या गाण्यामुळं एका सफाई कामगारानं गटारात जीव दिला. कामगाराची विधवा साक्ष देते. नवरा गटारात उतरण्याआधी दगड टाकून बघायचा, झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे असं समजायचा. हे ती सरळ आवाजात सांगते, बाजारभाव सांगावा तशी. न्यायालय ते टिपून घेतं. सरकारी वकील बाई संध्याकाळी लोकलनं घरी जाते, मुलाला घेते, स्वयंपाक करते. ती वाईट नाही, आपल्यातलीच आहे. आणि तिच्या साध्यासुध्या दिवसाच्या पोटात एका म्हाताऱ्या माणसाचा तुरुंग बसवलेला आहे.

आता टीव्ही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. पुढं १९८४ साली राष्ट्रीय वाहिनीवर 'हम लोग' आली तेव्हा तिच्यामागचा हेतूच कुटुंबनियोजनाचा होता. सुरुवातीच्या भागांत उपदेश फार झाला, लोक कंटाळले, मग उपदेश कमी करून माणसं वाढवली आणि देश तिच्यात गुंतला. रोज घरात येणाऱ्या माणसाचं आपण ऐकतो, भाषण देणाऱ्याचं नाही, हे तेव्हाच कळून चुकलं होतं. 'रजनी'मधल्या प्रिया तेंडुलकर गॅस सिलिंडरवाल्याशी भांडल्या आणि घरोघरच्या बायकांना भांडायची भाषा मिळाली. मराठीत खाजगी वाहिनीवर १९९९ साली 'आभाळमाया' आली. नोकरी करणारी, शिकवणारी सुधा जोशी, आणि दुसरीकडं गुंतलेला नवरा. सुकन्या कुलकर्णी यांची सुधा जेवणाच्या टेबलावर जे बोलायची ते त्या रात्री आमच्या शेजारच्या तीन घरांत बोललं जायचं. मी ऐकलं आहे.

दैनंदिन मालिकेवर टीका करणाऱ्यांनी एकदा सेटवर जाऊन यावं. घोडबंदर रोडला एका बंगल्यात मी दोन दिवस बसले होते. अर्ध्या तासाच्या जागेत जाहिराती वजा जाता बावीस मिनिटांचा भाग, आठवड्याला सहा. हाताशी भागांची बँक जेमतेम तीन-चारांची. लेखक रात्री दृश्यं पाठवतो, सकाळी ती कलाकारांच्या हातात पडतात. गुरुवारी टीआरपी येतो आणि शुक्रवारी ट्रॅक फिरतो. एका दृश्यात बाई नवऱ्याला साधी एक गोष्ट सांगणार होती. दिग्दर्शकानं ती सोमवारवर ढकलली, कारण शनिवारच्या भागाला शेवट हवा होता. तिच्या तोंडातलं वाक्य दोन दिवस अडकून राहिलं. मालिकेचं अर्थकारण न सांगण्यावर चालतं. सत्य कळलं की कथा संपते, म्हणून सत्य कळू द्यायचं नाही. ज्या माध्यमानं घरातली मौनं फोडायची, ते मौनावरच पोट भरतं. हे त्या सेटवरच्या माणसांना ठाऊक नाही असं अजिबात नाही. तिथल्या एका लेखिकेनं मला चहाच्या वेळी तिच्या फोनमधली कापलेली दृश्यं वाचून दाखवली. फार चांगली होती.

आणि तरीही या यंत्रातून काही खऱ्या गोष्टी निसटून बाहेर येतात. 'अग्गंबाई सासूबाई'मध्ये सुनेनं सासूचं लग्न लावून दिलं. पन्नाशीतल्या बाईला जोडीदार हवासा वाटतो हे महाराष्ट्रानं रोज रात्री जेवताना पाहिलं, आणि लाडावून ठेवलेल्या मुलाला 'बबड्या' हे नाव मिळालं. आमच्या ओळखीत एका आईनं आपल्या तिशीतल्या मुलाला त्या नावानं हाक मारली आणि दुसऱ्या दिवसापासून तो स्वतःचं ताट उचलू लागला. 'आई कुठे काय करते'मधल्या अरुंधतीनं घटस्फोट घेतला, पुन्हा लग्न केलं. पुढं मालिकेनं त्या दुसऱ्या नवऱ्याला मारून टाकलं तेव्हा मला 'कुंकू' आठवलं. अरुंधतीच्या काळी कायदे होते, कमाई होती, सगळं होतं, तरी एका माणसाला मरावं लागलं. दुसरीकडं २०२० साली आलेली 'सावित्रीजोती' वर्षाच्या आतच बंद झाली, पुरेसे प्रेक्षक नाहीत म्हणून. सावित्रीबाईंच्या नावानं आपण काय काय उभारलं आहे ते आठवून मी त्या आठवड्यात अस्वस्थ होते.

शेवटचा विभाग नव्या सिनेमांचा आहे. जयंत सोमलकर यांचा 'स्थळ' चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा. सविता शिकते आहे, तिला पुढं जायचं आहे, आणि तिला बघायला माणसं येत राहतात. पाटावर बसायचं, नाव सांगायचं, शिक्षण सांगायचं, उंची सांगायची. पुन्हा दुसरे येतात. तेच पोहे, तेच पाट, तेच प्रश्न. हीच पुनरुक्ती मालिका करते तेव्हा वेळ मारून नेते, आणि सोमलकर करतात तेव्हा तिसऱ्या फेरीला आपला श्वास अडकतो. एवढे प्रश्न विचारले जातात, आणि तुला हे लग्न करायचं आहे का, हा त्यांत नसतो. रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ला २०२५ साली सनडान्स महोत्सवात मोठा पुरस्कार मिळाला. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला आनंद, गावातला त्याचा जुना मित्र बाळ्या, लग्नावरून मागं लागलेले नातेवाईक, आणि सगळं जाणून असलेली आई. 'उंबरठा'तल्या त्या दोन बायकांना जे मिळालं नाही ते इथं या दोन पुरुषांना मिळालं: त्यांच्याकडं बघणारी शांत नजर. मध्ये त्रेचाळीस वर्षं गेली.

हस्तलिखित छापायला देण्याआधी ही प्रस्तावना मी आईला फोनवर वाचून दाखवली. तिला आता बारीक अक्षर दिसत नाही. मधला मावशीचा परिच्छेद मी पहिल्यांदा लिहिला तेव्हा त्यातलं एक वाक्य होतं, "माझी मावशी आजारी होती." आईनं मला तिथंच थांबवलं. म्हणाली, "आजारी म्हणजे काय? ताप येत होता का तिला?" मी काही बोलले नाही. ती म्हणाली, "काय होतं ते लिही की." मग मी ते वाक्य खोडलं, वर आहे तसं लिहिलं, आणि तिला पुन्हा वाचून दाखवलं.